प्रभुभोजन आणि ख्रिस्तप्रसाद: अर्थाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती उपासनेला पहिल्यांदाच आलेल्या माणसाला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतो तो शेवटचा भाग. लोक रांगेने पुढे जातात, रुपयाच्या नाण्याएवढी पातळ भाकर किंवा पावाचा लहानसा तुकडा घेतात आणि मान खाली घालून जागेवर परततात. जेवण म्हणावे तर त्याने पोट भरत नाही, आणि नुसता विधी म्हणावा तर त्यासाठी लोक आजारपणातही उठून येतात. माझे माहेर नगरच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीतले आणि सासर वसईतले कॅथलिक, त्यामुळे हे प्रश्न मला दोन्हीकडून विचारले जातात. उत्तरे देताना दोन्ही परंपरांची बाजू नीट मांडण्याचा प्रयत्न केला आहे; जिथे माझे स्वतःचे मत आहे तिथे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

प्रभुभोजन, ख्रिस्तप्रसाद, पवित्र सहभागिता, मिस्सा: ही एकाच विधीची नावे आहेत का?

बहुतांशी होय, पण प्रत्येक नाव त्या विधीची वेगळी बाजू पुढे करते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ असलेला ‘प्रभुभोजन’ हा शब्द पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषित पौल याच्या पत्रातून आला आहे. कॅथलिक लोक संपूर्ण उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात. लॅटिन उपासनेच्या अखेरीस लोकांना निरोप देताना जे वाक्य म्हटले जाते त्यातला हा शब्द. एवढ्या मोठ्या विधीला नाव मिळाले ते निरोपाचे, ही मला नेहमीच गमतीची गोष्ट वाटत आली आहे. मिस्सामध्ये जी भाकर स्वीकारली जाते ती ‘ख्रिस्तप्रसाद’ किंवा ‘ख्रिस्तशरीर’.

‘सहभागिता’ हा ग्रीक ‘कोइनोनिया’चा मराठी प्रतिशब्द आहे. वाटा असणे, भागीदारी असणे, असा त्याचा साधा अर्थ आहे. जगभर वापरला जाणारा आणखी एक शब्द ‘युखारिस्त’. त्याच्या मुळाशी उपकार मानण्याचा अर्थ आहे, आणि मराठी बायबलने त्यासाठी ‘उपकारस्तुती’ असा सुरेख शब्द वापरला आहे. भोजन, वाटा, उपकारस्तुती आणि निरोप या चारही गोष्टी विधीत आहेत. एकाच नावावर अडून बसले की उरलेल्या तीन हातातून निसटतात.

या विधीचा उगम कुठे आहे?

येशूला धरून देण्यात आले त्या रात्री तो आपल्या शिष्यांबरोबर यरुशलेमेत जेवायला बसला होता. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांप्रमाणे, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या येशूच्या जीवनवृत्तान्तांप्रमाणे, ते वल्हांडणाचे भोजन होते, म्हणजे मिसर (इजिप्त) देशाच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून यहुदी घराघरांतून होणारे भोजन. त्या रात्रीची बेखमीर भाकर ही घाईने निघालेल्या लोकांची भाकर होती, कारण पीठ फुगेपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती. येशूने तीच भाकर घेतली, उपकारस्तुती करून मोडली आणि म्हटले, “हे माझे शरीर आहे.” मग प्याला घेऊन त्याला आपल्या रक्तातला नवा करार म्हटले.

या घटनेचा आपल्याकडे असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तान्त शुभवर्तमानांतला नसून पौलाने ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला साधारण इ. स. 55च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायातला आहे. तिथेही पौल सांगतो की हे मला मिळाले आणि तेच मी तुम्हाला सोपवले. म्हणजे हा वारसा त्याच्याही आधीचा.

त्या मेजावर कोण कोण होते, हे विसरू नये. पैसे घेऊन धरून देणारा यहूदा होता, पहाटेपर्यंत तीनदा नाकारणारा पेत्र होता, आणि बाकीचेही त्याच रात्री पळून गेले. पहिले प्रभुभोजन ज्यांना मिळाले त्यांच्यात त्याला लायक असा एकही नव्हता. खाली अपात्रतेचा प्रश्न आला आहे, तिथे ही गोष्ट पुन्हा लागेल.

“माझ्या स्मरणार्थ हे करा” याचा अर्थ फक्त आठवण ठेवणे एवढाच आहे का?

मराठीत ‘स्मरणार्थ’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती संगमरवरी पाटी, किंवा वर्षश्राद्धाच्या दिवशी हार घातलेली तसबीर. माणूस गेला आणि आपण त्याची आठवण काढतो, हा त्यातला भाव. प्रभुभोजनातला भाव याहून निराळा आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ज्याचे स्मरण करायचे तो मेला तरी तिसऱ्या दिवशी उठला आणि आज जिवंत आहे. जिवंत माणसाची तसबीर समोर ठेवून जेवण्यापेक्षा त्याच्याबरोबर जेवणे केव्हाही वेगळेच.

इथला ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’ यहुदी स्मरणाच्या कल्पनेतून समजून घ्यावा लागतो. वल्हांडणाच्या रात्री बाप मुलाला सुटकेची कथा सांगतो तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना सोडवले’ एवढ्यावर तो थांबत नाही. मी मिसरातून निघालो तेव्हा परमेश्वराने माझ्यासाठी हे केले, असे त्याने म्हणायचे असते, मग मधे हजार वर्षे का गेलेली असेनात. स्मरणाने भूतकाळातली कृती आजच्या माणसाला लागू होते. म्हणूनच कॅथलिक शिकवणीत ‘मिस्साबलिदान’ हा शब्द आहे: क्रूसावरचे बलिदान एकदाच झाले, ते पुन्हा होत नाही, पण तेच एकमेव बलिदान या विधीत आजच्या लोकांसमोर येते. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी या ‘बलिदान’ शब्दावर कडाडून आक्षेप घेतला, कारण क्रूसावर झालेले काम अपुरे राहिले असे त्यातून सूचित होते अशी त्यांना भीती होती. आज दोन्ही बाजूंचे धर्मपंडित ‘स्मरण’ शब्दाच्या या खोल अर्थावर पुष्कळसे जवळ आले आहेत. 1982 साली पेरू देशातील लिमा येथे अनेक चर्चांच्या प्रतिनिधींनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवाधर्म यांविषयी जे निवेदन स्वीकारले त्यातही हाच धागा आहे.

शिवाय हे स्मरण पुढेही पाहते. प्रभू ‘येईपर्यंत’ त्याच्या मरणाची घोषणा करायची, असे पौल लिहितो. वाट पाहणाऱ्यांचे हे जेवण आहे.

भाकर खरोखरच ख्रिस्ताचे शरीर होते का?

याच एका प्रश्नावरून चर्च दुभंगले आहे, तेव्हा इथे थोडे थांबावे लागेल.

कॅथलिक चर्चची शिकवण अशी की धर्मगुरू प्रार्थनेत येशूचे शब्द उच्चारतो तेव्हा भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्व बदलते. रूप, रंग, चव, वजन सारे पूर्वीसारखेच राहते, पण ती वस्तू आता मुळात ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त असते. तत्त्वपरिवर्तनाची ही परिभाषा 1215 सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वापरली आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती ठामपणे मांडली. म्हणूनच भाकर उंचावली जाते तेव्हा कॅथलिक गुडघे टेकतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांचाही बदलावर तितकाच विश्वास आहे, पण तो नेमका कसा होतो याची व्याख्या करण्यात त्यांना फारसा रस नाही. पवित्र आत्म्याला आवाहन करणारी प्रार्थना त्यांच्या विधीचा गाभा आहे.

मार्टिन लूथरला तत्त्वज्ञानाची ही परिभाषा नको होती, ख्रिस्ताची खरी उपस्थिती मात्र हवी होती. स्वित्झर्लंडमधील सुधारक झ्विंगली याच्या मते ‘आहे’ याचा अर्थ ‘दर्शवते’ असा घ्यायला हवा. 1529 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे हे दोघे समोरासमोर बसले. लूथरने मेजावर खडूने लॅटिनमध्ये “हे माझे शरीर आहे” असे लिहून ठेवले आणि तो त्यावरून हलायला तयार होईना. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले आणि पंधराव्यापाशी, म्हणजे प्रभुभोजनापाशी, बोलणी फिसकटली. ज्या जेवणाने एक व्हायचे त्याच जेवणावरून लोक वेगळे झाले. कॅल्व्हिन या फ्रेंच सुधारकाने पुढे मधला मार्ग काढला: भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताशी जोडला जातो आणि त्याच्यावर पोसला जातो. बॅप्टिस्ट आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्या आज झ्विंगलीच्या जवळ आहेत. त्यांच्या दृष्टीने ही आज्ञापालनाची आणि साक्षीची खूण आहे.

माझे मत विचाराल तर ‘कसे’ या प्रश्नाने ‘कशासाठी’ हा प्रश्न फार काळ झाकून टाकला. येशूने “घ्या, खा” असे सांगितले, “समजून घ्या” असे नव्हे. तरीही उपस्थितीचा प्रश्न फुटकळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण तिथे कोणीच नसेल तर पुढचे सगळे बोलणे पोकळ ठरते.

शरीर खाणे आणि रक्त पिणे ही भाषा किळसवाणी नाही का?

ऐकणाऱ्यांना ती तेव्हाही तशीच वाटली होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू असे बोलतो तेव्हा हे वचन कठीण आहे असे म्हणून पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात, आणि पुढे रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांवर नरमांसभक्षणाचे आरोपही झाले. ख्रिस्ती शिकवणीत याचा अर्थ मांस चावणे असा कधीच नव्हता. हिब्रू विचारात रक्त म्हणजे प्राण. आपला प्राण तुम्हाला देतो, तो तुमच्यात जावो, हे त्याहून कमी धक्कादायक शब्दांत सांगता आले नसते.

भाकर आणि द्राक्षारसच का? आपल्याकडची ज्वारीची भाकरी किंवा तांदूळ का चालत नाही?

गहू आणि द्राक्षे हे पॅलेस्टाईनच्या भूमीतले रोजचे पीक. देवाने निवडलेली वस्तू दुर्मीळ नव्हती, घराघरांतली होती, हा त्यातला पहिला अर्थ. दुसरे असे की दोन्ही गोष्टी थेट झाडावरून मिळत नाहीत. दाणा दळावा लागतो, द्राक्ष चिरडावे लागते. निसर्गाची देणगी आणि माणसाचे कष्ट एकत्र आल्याशिवाय भाकर होत नाही, आणि मिस्साच्या अर्पणप्रार्थनेत हेच म्हटले जाते. पहिल्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या शिकवणपुस्तिकेतील प्रार्थनेत आणखी एक प्रतिमा आहे: ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र होवो.

मराठी भाषांतरकारांनी इथे ‘भाकर’ हा शब्द वापरला हे मला त्यांचे मोठेच शहाणपण वाटते. मराठीत भाकर म्हणजे पदार्थ तर आहेच, शिवाय पोट, मजुरी आणि चूलही तीच. ‘भाकरीचा प्रश्न’ म्हटले की आणखी काही स्पष्ट करावे लागत नाही.

प्रत्यक्षात कॅथलिक चर्चमध्ये वापरली जाणारी भाकर गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्याच वस्तूंची असते. त्यात मीठही नसते आणि खमीरही नसते. ती बहुधा मठातल्या सिस्टर करतात. पिठाचा पातळ घोळ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांच्या मधे ओततात, तो वाफ सोडत कागदासारखा सुकतो, मग किंचित दमट करून त्यातून गोल चकत्या कापतात, कारण अगदी कोरडा राहिला तर त्याचा चुरा होतो. गोल निघून गेल्यावर उरलेल्या जाळीदार कडा मठाच्या आसपासच्या मुलांना खाऊ म्हणून मिळतात आणि त्या अजून आशीर्वादित नसल्यामुळे खायला हरकत नसते. ऑर्थोडॉक्स चर्च मात्र खमिराची, फुगलेली भाकर वापरते; पुनरुत्थानाचे ते चिन्ह आहे असे ते मानतात.

ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना: कॅथलिक नियमाप्रमाणे अजिबात ग्लुटेन नसलेली भाकर चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेन असलेली चालते, आणि ज्यांना तीही झेपत नाही त्यांना केवळ प्याल्यातून स्वीकार करता येतो. धर्मगुरूंना आधी सांगून ठेवावे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सहसा एवढे काटेकोर नियम नसतात.

प्रभुभोजनाचा सामाजिक अर्थ काय? हे माझे आणि देवाचे खासगी नाते नाही का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानते.

करिंथ येथील मंडळी एखाद्या बऱ्या घरच्या सभासदाकडे जमत असे. रोमन पद्धतीच्या जेवणघरात साधारण नऊच माणसे रेलून बसू शकत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात. सधन लोक लवकर येत आणि आणलेले खाऊन-पिऊन तृप्त होत. गुलाम आणि मजूर काम संपवून उशिरा पोचत तेव्हा भांडी रिकामी झालेली असत. याला मराठीत अचूक शब्द आहे: पंक्तिभेद. पौल त्यांना सरळ सांगतो की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. प्रार्थना चुकली, शब्द चुकले किंवा भाकर चुकीची होती असे तो म्हणत नाही. पंगत चुकली म्हणून विधीच बाद झाला.

त्याआधीच्या अध्यायात त्याने लिहिले आहे की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. म्हणजे ‘ख्रिस्ताचे शरीर’ या शब्दांना दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत: हातावर ठेवली जाते ती भाकर, आणि रांगेत पुढे-मागे उभी असलेली माणसे. धर्मगुरू “ख्रिस्ताचे शरीर” म्हणतात आणि आपण “आमेन” म्हणतो, तेव्हा तो होकार दोन्हींना दिलेला असतो. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन आपल्या लोकांना हेच समजावून सांगत असे.

कोण कोणाच्या हातचे खातो यावर ज्या समाजाची सगळी घडी बसली होती तिथे या गोष्टीचे वजन केवढे असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. 1849च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत, म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त सभेत, नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे, आणि सभासदांची नावे फुटली तेव्हा मंडळीच मोडली. ते प्रभुभोजन नव्हते आणि ते सभासद ख्रिस्तीही नव्हते. पण पावाचा एक तुकडा गिळायला त्या काळी किती धैर्य लागत होते, हे त्यावरून कळते. दुसरीकडे वारकऱ्यांच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर लोक दही-लाह्या एकमेकांच्या मुखात घालतात तेव्हा तिथेही पंगत मोडून एक होण्याची ओढ दिसते. काला आणि ख्रिस्तप्रसाद एकच आहेत असे म्हणणे दोन्हींवर अन्याय करणारे होईल, पण काला पाहिलेल्या माणसाला पौलाचा राग लवकर समजतो.

आता कडू भाग. भारतातील ख्रिस्ती मंडळ्या या कसोटीला सदैव उतरल्या असे म्हणता येत नाही. दक्षिणेत काही ठिकाणी जातीनुसार वेगळे बसणे आणि मेजाकडे आधी-नंतर येणे चालू होते. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून हे भेद बंद करण्याचा आदेश दिला तेव्हा तंजावरच्या बाजूला मोठा विरोध झाला. गोव्यातील चर्चांच्या काही कॉन्फ्रारियांचे, म्हणजे धार्मिक बंधुसंघांचे, सदस्यत्व दीर्घकाळ ठराविक जातींपुरतेच राहिले. लग्ने जुळवताना आजही काय काय पाहिले जाते, ते आपण सगळे जाणतो. रविवारी एका प्याल्यातून पिणारी आणि सोमवारी पाण्याचा पेला वेगळा ठेवणारी मंडळी पौलाच्या मते कोणाचे भोजन खाते, हे त्याने लिहूनच ठेवले आहे.

‘अयोग्य रीतीने’ घेणे म्हणजे काय? पापी माणसाने दूर राहावे का?

पौलाचा शब्द ‘रीती’विषयी आहे, माणसाविषयी नाही. अयोग्य माणसांनी घेऊ नये असे त्याने म्हटले असते तर मेज कायमचे रिकामे राहिले असते. त्याच्या पत्रात अयोग्य रीत म्हणजे शरीर न ओळखता खाणे. आणि वरचा करिंथचा प्रसंग लक्षात घेतला तर त्यात शेजारच्या उपाशी माणसाला न ओळखणेही आले.

म्हणून तयारी हवी. कॅथलिक परंपरेत गंभीर पापाची जाणीव असलेल्याने आधी कुमसार करावा, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करून क्षमा घ्यावी, आणि स्वीकाराच्या आधी एक तास काही खाऊ-पिऊ नये; पाणी आणि औषध चालते, आजारी आणि वृद्ध यांना सूट असते. पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून असे. 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सामुदायिक पापांगीकाराची प्रार्थना होते आणि पाळक आत्मपरीक्षण करायला सांगतात.

माझी आजी नगरकडच्या खेड्यातली. बांधावरून जावेशी अबोला होता तेव्हा ती तीन महिने मेजाकडे गेली नाही. बाकावर बसून राही आणि रांग पुढे सरकताना पाही. चौथ्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी ती जावेच्या दारात उभी राहिली, काय बोलली ते कोणालाच ठाऊक नाही, आणि मग दोघी एकत्र चर्चला आल्या. वेदीपाशी अर्पण सोडून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातले वचन मी नंतर वाचले. अर्थ मात्र त्या सकाळीच कळला होता. दूर राहणे हा तिच्या लेखी उपाय नव्हता, ती फक्त उपायाची निकड होती.

लहान मुलांना केव्हापासून देतात?

कॅथलिक चर्चमध्ये साधारण सातव्या वर्षानंतर. पूर्वी मुलांना बरेच मोठे होईपर्यंत थांबावे लागे. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक मुलाला कळला की पुरे, असे ठरवले. वसईत आणि गोव्यात पांढऱ्या पोशाखातला हा पहिला स्वीकार म्हणजे घरचे कार्यच असते. कधी कधी त्यात जेवणावळच मोठी होऊन बसते. ऑर्थोडॉक्स चर्च बाप्तिस्म्यापासून तान्ह्या बाळालाही देते. पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दृढीकरणानंतर, म्हणजे मुलाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर मेज खुले होते.

मी ख्रिस्ती नाही. मैत्रिणीच्या लग्नाच्या मिस्साला गेले तर ख्रिस्तप्रसाद घ्यावा का?

घेऊ नये, आणि न घेतल्याने कोणाचाही अपमान होत नाही. ही अडचण मराठी पाहुण्यांना हमखास येते, कारण प्रसाद नाकारू नये असे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते, आणि ‘ख्रिस्तप्रसाद’ या शब्दातही प्रसाद आहेच. पण देवळातला प्रसाद येईल त्याला देण्यासाठी असतो. ख्रिस्तप्रसाद ही त्या विश्वासाला आणि त्या मंडळीला दिलेली कबुली आहे. मानत नसताना “आमेन” म्हणायला लावणे हे पाहुण्यावर अन्याय करणारे ठरेल.

रांग पुढे जाऊ लागली की जागेवर बसून राहावे. बाकावरून बाहेर पडणाऱ्यांना गुडघे बाजूला करून वाट दिली की झाले. काही चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर आडवे धरून पुढे गेल्यास धर्मगुरू केवळ आशीर्वाद देतात. हे आधी विचारून घ्यावे. चुकून हातावर भाकर ठेवली गेली तर ती खिशात किंवा पर्समध्ये न ठेवता तिथेच परत द्यावी. कॅथलिकांना ती वस्तू वाटत नाही, त्यामुळे तिचे काय होते याची त्यांना फार काळजी असते.

एका पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीने दुसऱ्या पंथाच्या मेजाकडे जावे का?

नियम वेगवेगळे आहेत. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या कोणत्याही चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या सभासदाचे स्वागत करतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च सामान्यतः तसे करत नाहीत. मेजावरचे ऐक्य हे विश्वासातल्या ऐक्याचे फळ आहे, त्याचे साधन नव्हे, असे त्यांचे म्हणणे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चे एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले, तेव्हा निदान त्यांच्यापुरता हा अडसर दूर झाला. मिश्र विवाह झालेल्या घरांत मात्र तो दर रविवारी बोचतो. आमच्या घरात आम्ही एकमेकांच्या उपासनेला जातो आणि एकमेकांच्या रांगेत जात नाही. याची सवय होते, असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

खरा द्राक्षारस वापरतात की साधा रस?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि पुष्कळ अँग्लिकन चर्चे आंबवलेला द्राक्षारसच वापरतात. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला परवानगी देण्याची तरतूद ठेवावी लागली. मेथडिस्ट आणि अन्य काही मंडळ्या न आंबवलेला रस घेतात. 1869 मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने रस तापवून आंबणे थांबवण्याची युक्ती केली ती मुळात प्रभुभोजनासाठीच. आपल्याकडे काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेला रसही चालतो. एकच प्याला की लहान पेले, हा वाद 2020च्या साथीनंतर काही ठिकाणी पेल्यांच्या बाजूने मिटला. सोय झाली, पण एका प्याल्याचा अर्थ थोडा पातळ झाला, असे मला वाटते.

मी वर्षानुवर्षे घेत आहे, पण काहीच वाटत नाही. माझे काही चुकते आहे का?

बहुधा नाही. रोजच्या जेवणानंतर तरी कुठे काही ‘वाटते’? तरीही तेच अंगी लागते. ऑगस्टीनने फरक असा सांगितला आहे: इतर अन्न आपण खातो आणि ते आपले होते, इथे आपण ज्याला खातो त्याचे आपण होत जातो. हे होणे संथ असते आणि ते पहिल्यांदा दिसते ते बहुधा दुसऱ्यांना.

लूकच्या 24व्या अध्यायातली अम्माऊसची कथा अशा वेळी वाचावी. दोन शिष्य वाटेत उठलेल्या येशूबरोबर चालतात आणि त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळी तो भाकर मोडतो तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. ओळख पटली, पण हाती काही राहिले नाही. राहिली ती मोडलेली भाकर, आणि रात्रीच यरुशलेमेला परत जाण्याची घाई.

उलट योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या रात्रीच्या प्रसंगात भाकर-प्याल्याचे शब्दच नाहीत. त्या जागी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ज्यांना मेजावर काही वाटत नाही त्यांनी काही दिवस या दुसऱ्या दाराने येऊन पाहावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ख्रिस्तप्रसाद घरी मिळू शकतो का?

हो, आणि ही प्रथा फार जुनी आहे. इ. स. 155च्या सुमारास रोममध्ये लिहिताना जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने नोंदवले आहे की उपासनेला येऊ न शकलेल्यांना डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकर पोचवत, आणि त्याच सभेतल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातल्या लोकांची सोय केली जाई. आज कॅथलिक चर्चमध्ये उरलेला ख्रिस्तप्रसाद वेदीजवळच्या लहान कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि तिच्यापाशी दिवा तेवत राहतो; त्यातूनच आजाऱ्यांसाठी नेला जातो. प्रॉटेस्टंट पाळकही लहानशी पेटी घेऊन घरी येतात आणि तिथेच प्रार्थना करून प्रभुभोजन देतात.

मरणाच्या दारातील माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला लॅटिनमध्ये ‘व्हियातिकुम’ म्हणतात. त्याचा अर्थ वाटेसाठी बांधून दिलेले अन्न. मराठीत त्याला शिदोरी हा तयार शब्द आहे.

घरी करायची तयारी थोडी आहे. चर्चच्या कार्यालयात किंवा पाळकांना आदल्या दिवशी कळवावे. रुग्णाच्या जवळ लहान मेज किंवा स्टूल, त्यावर स्वच्छ पांढरे कापड, मेणबत्ती, आणि पेलाभर पाणी, कारण सुकलेल्या तोंडात भाकर टाळूला चिकटते. पूर्ण तुकडा गिळता येत नसेल तर कणभरही पुरतो, आणि तोही शक्य नसेल तर कॅथलिक नियमाप्रमाणे प्याल्यातला थेंब देता येतो. टीव्ही बंद करावा. घरातल्या सर्वांनी, स्वयंपाकघरात असणाऱ्यांनीसुद्धा, तेवढ्यापुरते त्या खोलीत येऊन उभे राहावे. रुग्णाला ते सगळे दिसतील अशा बेताने.